खाला, या वेळी मी आग्रहाची वाट पाहिली नाही

प्रिय नसीम खाला,

आज दुपारी शाळेच्या ऑफिसातनं बाहेर आले आणि सवयीनं हात पर्समधल्या फोनकडं गेला. तुझं नाव काढलं, बोट टेकवणार, तेवढ्यात आठवलं. तो नंबर तुझ्या इरफानभाईनं बंद केलाय की अजून चालू आहे, मला माहीत नाही. लावून बघायची हिंमत झाली नाही. शाळेच्या फाटकापाशी तशीच उभी राहिले. समोरनं जालना रोडचे ट्रक जात होते. कुणाला तरी सांगायचं तर होतंच. पण नवऱ्याची दुसरी पाळी, लेक क्लासला. आणि खरं सांगू का? त्यांना सांगून माझं भागलं नसतं. ही बातमी तुझीच आहे, म्हणून तुला लिहितेय.

खाला, मी आज "हो" म्हणाले!

त्यांनी विचारलं आणि मी पहिल्याच झटक्यात हो म्हणाले. छे छे नाही, नको नको नाही, "माझ्यापेक्षा अनुभवी लोक आहेत" तर मुळीच नाही. तू असतीस तर मांडीवर थाप मारून म्हणाली असतीस, "हौ! अब आई अकल!" आणि पाठोपाठ, "कुछ खाया क्या सुबह से?"

समोर असताना मी तुला 'तुम' म्हणायचे, तुमच्या घरात सगळेच तसं बोलायचे म्हणून. मनात मात्र तू कायम तूच होतीस, आई जशी तू असते तशी. मराठीत लिहायला बसले तर तुम्ही-आम्ही करणं जमेना. राग मानू नकोस.

शहागंजातली आपली गल्ली डोळ्यांसमोरनं हलत नाही बघ. तुझं दार आणि आमचं दार समोरासमोर, मधे एवढीशी जागा की सायकल आली तरी दोन्ही ओट्यांवरच्या बायका पाय वर घ्यायच्या. बाबा कापडाच्या दुकानात कामाला, तुझे मियाँ, आमचे खालू, घड्याळं दुरुस्त करायचे. मी पाच-सहा वर्षांची असेन. ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांना कसली तरी गोष्ट रंगवून सांगत होते. वाघ होता त्यात, आणि त्या वाघाला सर्दी झाली होती, एवढंच आठवतं. तू दारात उभी राहून पूर्ण गोष्ट ऐकलीस आणि येऊन माझी हनुवटी धरलीस.

"माशाअल्लाह! क्या बोलती बच्ची! मीनाची आई, ही मोठी होऊन मास्तरीण होणार बघ."

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "कशाची मास्तरीण खाला! नुसती वटवट. काम सांगितलं की पळून जाती."

"वटवट नाही गं, जबान है जबान!"

"तुमीच लई चढवून ठिवलंय तिला."

असं वर्षानुवर्षं चाललं. मी तुम्हा दोघींच्या मधे, तू मला वर चढवणार आणि आई हात धरून खाली उतरवणार. आणि मजा म्हणजे तुमचं यावरनं कधी भांडण झालं नाही. आई तुला साखर मागायची, तू आईला कोथिंबीर, आणि देवाणघेवाण करता करता माझं वर-खाली चालूच.

आईचं तरी काय चुकत होतं म्हणा! ती फर्दापूरकडची, शेतकऱ्याघरची. तिच्या माहेरी लेकराला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही, हा कायदाच. म्हटलं तर नजर लागते, आणि नजर नाही लागली तर लेकरू शेफारतं. पाहुण्यानं "पोरगी हुशार आहे" म्हटलं की घरच्यांनी लगेच "कशाचं काय" म्हणायचं. पाहुण्याच्या हातातलं ओझं पटकन काढून घेतात ना, तशी ही घाई. मला तर वाटायचं की "कशाचं काय" हे माझंच एक नाव आहे.

तुमच्याकडंही नजर होतीच की! पण तुम्ही आधी माशाअल्लाह म्हणायचा आणि मग मोकळ्या मनानं काय ते चांगलं बोलून घ्यायचा. आमच्याकडं तशी सोय नव्हती, म्हणून बोलायचंच नाही असं ठरलं. लहानपणी मला वाटायचं, तुमच्यातल्या सगळ्याच बायका अशा असतात. मग तुझी जाऊ भेटली! स्वतःच्या लेकीचं कौतुक ऐकताना तिचं तोंड असं व्हायचं की आमची आई बरी. तेव्हा कळलं की सगळं श्रेय रीतीभातीला द्यायचं कारण नाही. थोडी तू मुळातच तशी होतीस.

तुला स्वतःबद्दल कसं छान बोलता यायचं गं! ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात द्यायचीस आणि समोर उभी. आम्ही पहिला चमचा घेतला की, "कैसा हुआ?" आई म्हणायची, "बरा झालाय." तू कमरेवर हात ठेवून, "बरा? बरा क्या होता? मी केलाय, चांगलाच होणार. तोंडानं सांग की मग!" आई हसून हसून लाल व्हायची, पण "चांगला" काही तिच्या तोंडातनं निघायचं नाही. वाटी मात्र बोटानं निपटून पुसायची.

आणि आमच्याकडं होळीला तू जेवायला यायचीस तेव्हा? आई विचारायची, "खाला, पोळी वाढू का अजून?" तू म्हणायचीस, "हौ, दो दे." आईला पाठोपाठ म्हणायची तीन वाक्यं तशीच तोंडात राहायची. तू गेल्यावर ती बाबांना सांगायची, "पहिल्याच विचारण्यात घेती बाई!" त्यात कुरबुर नव्हती, खाला. नवल होतं. आता वाटतं, थोडा हेवाही असेल.

माझ्या दहावीच्या निकालाचं तर तुला आठवतच असेल. शाळेत पहिली आले होते मी! आईनं गल्लीत पेढे वाटले आणि घरोघरी काय सांगितलं? "मीना पास झाली." फक्त पास! कोपऱ्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "चला, सुटलीस एकदाची," आणि मी पेढ्याचं तबक पुढं केलं. तू ते ऐकलंस. ओट्यावर आलीस, पदर खोचलास आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, "अरे पास काय, पास तर माझा इरफानही झाला! बच्ची स्कूल में पहली आई है, पहली!" बिचारा इरफान आत जाऊन बसला. आई लाजेनं दाराआड. आणि मी? मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पहिली येणं ही आनंदाची गोष्ट असते.

त्या शिदोरीवर किती वर्षं निघाली माझी! डी.एड. केलं, चिकलठाण्याला या छोट्या शाळेत लागले, लग्न झालं, फ्लॅट झाला. बाबा गेल्यावर आईही माझ्याकडं आली. भाऊ पुण्याला, तिला तिथं करमत नाही. इतकी वर्षं झाली तरी ती शेजारणींना सांगते, "आले दोन दिवस." लेकीच्या घरी राहतेय हे मोठ्यानं म्हणायची तिला अजून चोरी. तू तिला म्हणायचीस, "दोन दिन का हिसाब लगा कभी!"

शहागंजला मी दर रविवारी यायचे ती भाजीसाठी नव्हे, आता सांगून टाकते. भाजी आमच्या इथंही मिळते. मी यायचे तुझ्या तोंडून दोन शब्द ऐकायला. साडी चांगली नेसली तर तू म्हणायचीस. केस पांढरे झाले तर तेही म्हणायचीस, म्हणून चांगलं म्हटलेलं खरं वाटायचं.

आणि मग तो मागचा घोळ.

आमच्या मुख्याध्यापकांची जागा रिकामी झाली होती. संस्थेचे सेक्रेटरी तरुण आहेत, सरळ बोलणारे. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही व्हाल का मुख्याध्यापिका? तुम्हाला आवडेल?" खाला, माझ्या काळजात काय झालं म्हणून सांगू! किती दिवस मी मनातल्या मनात त्या खुर्चीवर बसून बघत होते. पण तोंडातनं काय निघालं? "छे छे सर, माझी कुठं तेवढी लायकी? माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत की."

आणि थांबले. कशासाठी थांबले? आता ते म्हणतील, "असं कसं बाई, तुमच्याशिवाय कोण?" मग मी म्हणणार, "नको हो, मला कुठं झेपणार?" मग ते म्हणतील, "नाही नाही, तुम्हालाच घ्यावं लागेल." मग मी खाली बघून म्हणणार, "तुम्ही एवढं म्हणताय तर..." सगळं मनात तयार होतं. आपल्याकडं असंच तर असतं! जेवताना, साडी घेताना, मानाचा नारळ घेताना, गाडीत पुढं बसताना. एकदाच म्हटल्यावर कोण घेतं?

सेक्रेटरी म्हणाले, "बरं. ठीक आहे बाई, तुमची इच्छा नसेल तर आग्रह नाही." आणि शिपायाला चहा सांगितला.

चहासुद्धा मी "नको" म्हणाले. तोही नाही आला.

त्यांना काय नावं ठेवू? त्यांनी विचारलं, मी नाही म्हणाले, त्यांनी ऐकलं. बाईचं म्हणणं ऐकणारा माणूस मिळाला तर तिथं माझं हे! जागा एका सरांना गेली. माणूस वाईट नाही. पण प्रत्येक पालकसभेत त्यांना खुर्चीवर बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागायचे.

त्या रविवारी तुझ्याकडं येऊन रडले. तू आधी ऐकून घेतलंस, मग जे सुरू झालीस!

"अगे पगली, वहाँ दावत थी क्या? त्यांनी काय तुला जेवायला बसवलं होतं, दुसऱ्यांदा वाढायला येतील म्हणून? नको म्हटलं तर भांडं पुढं जातं, बेटा. पंगत मोठी असते."

मग मला समोर बसवलंस. "बोल माझ्यामागं. मी चांगलं शिकवते."

"खाला, राहू द्या ना."

"बोल!"

"मी... बरं शिकवते."

"बरं नाही. चांगलं."

"लाज वाटते हो."

"चोरी केली का? खून केला का? मग लाज कसली?"

म्हणताच येईना! मुलांना मी दिवसभर बोलायला शिकवते, आणि तीन शब्दांचं वाक्य माझ्याच्यानं पुरं होईना. तू हसता हसता ओढणीनं डोळे पुसलेस, मीही हसले, आणि मग पुन्हा रडले. तू म्हणालीस, "पुढच्या वेळी." म्हणजे तुला खात्री होती की पुढची वेळ येणार.

आली बघ. पण तोवर तू...

आता मला भांडायचंय तुझ्याशी. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण तुझ्याशी नाही भांडणार तर कुणाशी?

इरफानभाईनं सगळं सांगितलं मला. किती महिने तुझ्या पोटात दुखत होतं. तो तुला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं विचारलं, "अम्मा, दुखता है?" आणि तू, हो तू, शहागंजात उभी राहून अख्ख्या गल्लीला हाक मारणारी नसीम खाला, खाली बघून काय म्हणालीस? "थोडा थोडा. ठीक है."

थोडा थोडा!

शीरखुर्म्याबद्दल विचारलं असतं तर बरा म्हणू दिला असतास का? "अच्छाच हुआ" म्हणून डॉक्टरला वाटी संपवायला लावली असतीस. मग दुखण्याबद्दलच का गं आवाज बसला तुझा? इरफान म्हणाला, बाहेर आल्यावर तू त्याला म्हणालीस, "तेरा दुकान का टाइम जा रहा ना." डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तुम्ही घरी आलात, तू सूनबाईला स्वयंपाकात मदत करायला लागलीस. गाठ सापडली तेव्हा उशीर झाला होता.

मला तर तू कधी कळूच दिलं नाहीस. मी यायचे, माझंच सांगायचे, तू माझंच ऐकायचीस. स्वयंपाकाचा अभिमान होता तुला, हाताचा होता, आवाजाचा होता. मग दुखतंय एवढं म्हणण्यापुरता मान स्वतःला का नाही दिलास? कुणी शिकवलं होतं तुला ते? आईला "कशाचं काय" शिकवलं त्यांनीच का? माझ्या डोक्यात हे इतके दिवस फिरतंय, खाला, आणि उत्तर द्यायला तू नाहीस.

तुला नेलं त्या दिवशी आम्ही दोघी तुझ्या घरात बायकांमधे बसलो होतो. आणि आईनं तोंड उघडलं. माझी आई! भिंतीला टेकून ती तुझ्या नणंदांना सांगत होती, "हिच्यासारखी बाई होणं नाय. हिच्या हाताची चव कुनाला नाय. लई चांगला करायची खुर्मा, लई म्हंजे लई चांगला. मन बी तसंच मोठं." एकामागनं एक, थांबेनाच. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर. बायका रडत होत्या, आणि मला मेलं रडूही येईना. संताप आला होता. अगं, आता सांगतेस? समोर उभी राहून विचारत होती ना ती, कैसा हुआ म्हणून! आपल्याकडं स्वतःचं कौतुक व्हायचं असेल तर आधी मरावं लागतं का?

आणि मी तरी काय वेगळी? दोन शब्द ऐकायला दर रविवारी यायचे, पण तुला कधी म्हणाले का, की खाला, तू किती छान आहेस?

परत येताना रिक्षात मी आईला विचारलंच. सिडकोच्या पुढं गेल्यावर, रस्ता मोकळा झाल्यावर. "आई, मी कशी आहे गं?"

"कशी म्हंजे?"

"म्हणजे चांगली आहे का? हुशार आहे का? एकदा तरी सांग."

तिनं रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघितलं. मग हळू आवाजात, जणू कुणी ऐकेल म्हणून, म्हणाली, "तुला आजवर काय झालं का? हातपाय धड हायेत, संसार हाय, नोकरी हाय. मी बोलले न्हाई म्हणून टिकलं समदं. आता या वयात बोलायला लावती व्हय?"

मला हसावं की रडावं कळेना. तिच्या मते ती आयुष्यभर माझी राखण करत होती! मी तहानलेली, आणि ती माठावर झाकण घट्ट दाबून बसलेली, आत काही पडू नये म्हणून. तिच्यावर रागवायचं तरी कसं, सांग ना.

आता आजचं सांगते.

ते सर बदली मागून नाशिकला चालले. जागा पुन्हा रिकामी. या वेळी सेक्रेटरींनी विचारलं नाही. का विचारतील? मी नाही म्हणणारी बाई. म्हणून मीच निरोप पाठवला की मला भेटायचंय. आज दुपारी ऑफिसात तिघं होते, सेक्रेटरी, अध्यक्ष आणि आणखी एक सदस्य. पंखा चालू होता तरी माझ्या ब्लाउजची पाठ भिजलेली.

सेक्रेटरी म्हणाले, "बोला बाई."

"सर, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझा विचार व्हावा."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "जमेल का हो बाई तुम्हाला?"

खाला, ते "छे छे" ओठावर आलं होतं! अगदी दातांपाशी. इतकी वर्षांची सवय, तिला काय माहीत आज काय दिवस आहे. मी ते गिळलं आणि म्हणाले, "हो. जमेल. मला ही जबाबदारी पाहिजे आहे."

"काय वाटतं तुम्हाला, तुमच्यात काय विशेष आहे?"

सुरुवात "आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून" अशी झाली. मग थांबले. पुन्हा सुरू केलं. म्हणाले, "मी चांगलं शिकवते. माझ्या वर्गात घरी लमाणी बोलणारी मुलं येतात, दखनी बोलणारी येतात, खेड्यातली लई आणि व्हय म्हणणारी येतात. मी कुणाला त्याच्या घरच्या बोलण्यावरनं हसू देत नाही. म्हणून ती बोलतात, आणि बोलतात म्हणून वाचायला लागतात. पहिलीतलं मूल दिवाळीनंतर वाचत नसेल तर पालक मला शोधत येतात, दुसऱ्या कुणाला नाही." शेवटचं वाक्य तर फारच मोठ्यानं निघालं.

ते सदस्य हसले, चांगलं हसले. "बाई, आज एकदम स्पष्ट!" सेक्रेटरी म्हणाले, "मागच्या वेळी एवढं बोलला असतात तर?" मी म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही एकदाच विचारलंत सर." त्यांना कळलं नाही. कळवतो म्हणाले. चहा विचारला. मी घेतला, दोन बिस्किटंही घेतली.

बाहेर आले तेव्हा आनंद झाला असेल असं वाटतंय ना तुला? नाही गं. कुणाच्या तरी ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटत होतं. सगळे आपल्याकडंच बघताहेत असं वाटत होतं. म्हणूनच तर तुला फोन लावायचा होता! तू म्हणाली असतीस, चोरी केली का? आणि ते उतरलं असतं अंगावरनं. ते अजून पुरतं उतरलेलं नाही. तुझी उणीव नेमकी कुठं भासते, विचारशील तर इथं.

घरी आले. आई कॉटवर बसली होती. सांगू की नको असं झालं, पण आज म्हटलं होऊनच जाऊ दे. सांगितलं सगळं.

"सोताच म्हनलीस? मी चांगलं शिकवते म्हणून?"

"हो, स्वतःच."

"समद्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

आता बोलणी बसणार, मी तयारीतच होते. ती उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली, डबे वाजले. परत आली तर मूठ झाकलेली. "बस हितं. तोंड कर उगवतीकडं."

मीठ-मोहऱ्या होत्या मुठीत, आणि लाल मिरच्या. माझी दृष्ट काढत होती ती! लेक कॉलेजला जायला आली आणि माझी दृष्ट! लहानपणी काढली असेल तर मला आठवत नाही. काहीतरी पुटपुटत होती आणि म्हणत होती, "यवढ्या लोकांसमोर बोलायचं असतं का? लागती म्हणून सांगते. नजर लागायला काय येळ लागतो?" खाला, नजर लागायला माणसात काहीतरी असावं लागतं ना? म्हणजे इतकी वर्षं तिला माझ्यात ते दिसत होतं. मला रडू फुटलं. म्हणाली, "डोळे पुस, मधी रडू नाय."

मग लक्षात आलं की ती डाव्या हातानं ओवाळतेय. डाव्या हातानं कुणी दृष्ट काढतं का? उजवा हात खाली लोंबत होता.

"आई, हात दुखतोय का?"

"काय नाय."

एरवी मी तिथंच सोडलं असतं. आज तुझा "थोडा थोडा" कानात वाजला.

"आई, दुखतोय का गं?"

"जरासं. वय झालं आता."

मी तिची ती मूठ दोन्ही हातांत धरली. "मी उठणार नाही इथनं. खरं सांग."

तिनं मूठ सोडवून घ्यायला बघितली. मग म्हणाली, "लई दुखतंय मीने. खांद्यापासनं दुखतंय. रातची कूस बदलता येत नाय."

"कधीपासून?"

"झाले की महिने."

"अगं मग सांगितलं का नाहीस? मी विचारलं नव्हतं का तुला, संक्रांतीला, हात का धरतेस म्हणून?"

आई म्हणाली, "तू येकदाच इचारलंस."

मिरच्या गॅसवर टाकायच्या राहिल्या.

खाला, तूही वाट बघत होतीस का गं? डॉक्टर पुन्हा विचारेल, इरफान पुन्हा विचारेल, कुणीतरी समोर बसून म्हणेल की उठणार नाही, खरं सांग? स्वयंपाकाबद्दल आग्रह लागत नव्हता तुला, पोळीला लागत नव्हता, आणि दुखण्याला तेवढा लागत होता. आम्हाला कुणालाच ते कळलं नाही.

उद्या मी अर्धी रजा टाकलीय. आईला घेऊन दवाखान्यात जातेय. तिथं ती "जरासं" म्हणणार, मला पक्कं माहीत आहे. तर मी तुला शब्द देते, खाला. डॉक्टरांच्या समोर मी पुन्हा विचारीन, आणि पुन्हा विचारीन, बाहेरची रांग ओरडली तरी विचारीन, ती "लई" म्हणेपर्यंत तिला उठू देणार नाही.

तुझीच,
मीना